'ठरवून' कोणी?

जळगाव-धुळ्याकडे बाळंतपणाची बातमी आली की मागोमाग प्रश्न येतो : "नॉर्मल शे का सीझर?" मुलगा की मुलगी हे आधीच विचारून झालेलं असतं, बाईची तब्येत कशी आहे, हे नंतर. या प्रश्नाला जी उत्तरं मिळतात त्यांच्या वाक्यरचनेबद्दल मला लिहायचं आहे. वैद्यकशास्त्र माझा प्रांत नाही. पण पोट चिरायचं की कळांची वाट पाहायची, हा निर्णय आपल्याकडे मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत घेतला जातो. ज्या भाषेत निर्णय होतो ती भाषा तपासणं हे समीक्षेचं काम आहे असं मी धरून चालते.

आधी जुनी क्रियापदं घेऊ. 'ती बाळंत झाली.' इथे बाई कर्ता आहे, पण नुसती होण्यापुरती. 'आईनं तिचं बाळंतपण केलं.' इथे करणारी बाळंतीण नाहीच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं हे सगळं आईच्या खात्यावर जातं, आणि ते खोटंही नाही. 'मोकळी झाली', 'सुटका झाली' हे शब्द मला नेहमी हलवून जातात. बाळंतपणात बाई मरू शकते हे ज्या काळाला रोज दिसत होतं, त्या काळानं घडवलेले ते शब्द आहेत. त्यांच्या पाठीशी उभा असलेला शब्द म्हणजे 'अडली'. अडलेल्या बाईचं पुढे काय व्हायचं ते सुईणीला माहीत असे. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर, हा शब्द अजून जुना झालेला नाही. तिथला प्रश्न नको असलेल्या सीझरचा नाही. हवं त्या वेळी सीझरपर्यंत पोहोचता येईल का, हा आहे.

सुश्रुतसंहितेत मूढगर्भाची, म्हणजे आत अडकलेल्या गर्भाची, चिकित्सा आहे. ती अतिशय अवघड आहे हे सांगून ग्रंथकार वैद्याला बजावतो की अधिपतीची परवानगी घ्यावी आणि मगच हात घालावा. अधिपती म्हणजे राजा किंवा धनी. जिच्या अंगात हात जाणार तिला विचारावं, असं तिथे नाही. परवानगी या कल्पनेचं एवढं जुनं रूप आपल्याकडे आहे आणि त्यात बाई सापडत नाही.

आता सीझर. त्याची तीन वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आले. 'डॉक्टरांनी सीझर केलं', 'सीझर झालं', आणि सगळ्यात प्रतिष्ठेचं, 'सीझर करावं लागलं.' या 'लागलं'मध्ये बाई, नवरा, सासू, डॉक्टर सगळे एकदम निर्दोष सुटतात. चौथं वाक्य अलीकडचं : 'ठरवून केलं.' मराठीत 'ऊन'चा नियम सोपा आहे. जो करतो तोच ठरवतो. दोन्ही क्रियांचा कर्ता एक. म्हणजे केलं डॉक्टरांनी, तर ठरवलंही त्यांनीच. व्याकरण इथे उगाच चावट झालेलं नाही, ते वस्तुस्थिती सांगतं.

कारण तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर येतात. रात्री अडीचला कळा अडल्या तर भूलतज्ज्ञ, रक्त आणि बालरोगतज्ज्ञ एका वेळी जमवणं सोपं नसतं. ठरवलेल्या तारखेला सकाळी दहा वाजता ते जमतं. यात पैशाचा लोभ कुठे नसतोच असं मी म्हणणार नाही. मुहूर्त काढून आणणारे नातेवाईकही असतात. पण सगळा दोष लोभावर टाकला की या व्यवस्थेकडे बघायची गरज उरत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या बाळंतपणांपैकी २५.४ टक्के सीझरनं झालेली दिसतात. त्याआधीच्या फेरीत ती २०.१ टक्के होती. देशभरात सरकारी दवाखान्यांतलं प्रमाण १४.३ आणि खासगीतलं ४७.४ टक्के. बाईच्या शरीरात दवाखान्याच्या दारावरून एवढा फरक पडत नाही. गुंतागुंतीची काही प्रकरणं खासगीकडे वळतात हे धरलं तरी नाही.

दवाखान्यातला सगळ्यात वाङ्मयीन दस्तऐवज म्हणजे संमतीपत्र. 'मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले असून मी स्वखुशीने संमती देत आहे.' प्रथमपुरुषी निवेदन, पण निवेदकानं यातला एक शब्दही लिहिलेला नाही. 'सांगण्यात आले', कुणी ते गायब. 'माझ्या भाषेत' हे शब्द मात्र अशा मराठीत, जी कुणाच्याच घरात बोलली जात नाही. जळगावात माझ्या भाचीसमोर हा कागद आला तेव्हा नवऱ्याच्या सहीची जागा वर होती, तिची खाली. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सज्ञान, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीनं तिच्या आईनं दिलेली संमती चालणार नाही. त्या प्रकरणात मुलगी भुलीखाली होती आणि बाहेर आईला विचारून तिचं गर्भाशय काढलं होतं. निकालाला इतकी वर्षं होऊनही वरची जागा वरच आहे.

मग बाईला कर्ता करणारं वाक्य मराठीत नाहीच का? आहे. 'मी सीझर करून घेतलं.' घर बांधून घेतो, दाढ काढून घेतो, तसं. करणारा दुसरा, पण करवणारी मी. गंमत अशी की 'लागलं' म्हटलं तर सहानुभूती मिळते आणि 'घेतलं' म्हटलं की बाई नाजूक, सुखासीन, कळांना भिणारी ठरते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०११पासून मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की नीट चर्चा होऊनही बाईला सीझरच हवं असेल तर ते मिळावं. चर्चेत काय यावं हेही गुपित नाही. एकोणचाळीस आठवड्यांआधी ठरवून केलेल्या सीझरनंतर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. दर सीझरगणिक पुढच्या खेपेला वार चिकटून बसण्याचा धोका चढत जातो. दुसऱ्या बाजूला खोल फाटणं आहे, ओटीपोटाचे स्नायू सैल पडणं आहे, ज्याबद्दल आपल्या बायका म्हातारपणीसुद्धा कुजबुजत बोलतात. आणि 'नॉर्मल' या शब्दात वेदनाशमन गृहीत नाही. पाठीतल्या इंजेक्शनची सोय आपल्याकडे क्वचितच असते. म्हणून कळांना भिणं हा स्वभावदोष समजू नये, तो उपलब्ध माहितीवरून काढलेला निष्कर्ष आहे.

उलट बाजूची बाईही याच व्याकरणात अडकते. पहिलं सीझर झालेल्या माझ्या भाचीला दुसऱ्या खेपेला कळांची वाट पाहायची होती. जुना व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक, हे तिनं वाचलं होतं; तसं झालं तर लगेच पोट उघडता येईल असं ठिकाण हवं, हेही तिला कळत होतं. तिला मिळालेलं उत्तर होतं, "एकदा सीझर म्हणजे नेहमी सीझर." या वाक्यात क्रियापदसुद्धा नाही.

धुळ्याच्या माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं पहिल्याच खेपेला सीझर मागून घेतलं. थोरल्या बहिणीचं बाळंतपण तिनं दाराबाहेर बसून ऐकलं होतं, दीड दिवस. बाळ राहिलं नव्हतं. तिनं वाचलं, दोन डॉक्टरांना विचारलं, धोके समजून घेतले आणि ठरवलं. असा विचारपूर्वक घेतलेला निर्णय मी फार कमी पाहिले आहेत. सासरी सांगितलं मात्र वेगळंच : बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, करावं लागलं. बारशाला ही गोष्ट तिच्या तोंडून मी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी वेढे दोन झाले होते.