जीज बेंडच्या गोधड्या : एक आक्षेप

अलाबामा नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकलेशी साम्य दिसले. (‘गोधडी’ हा आपला शब्द येथे सोयीसाठीच घेतला आहे.) हा गौरव प्रामाणिक खरा, परंतु तो गोधडी भिंतीवर आल्यानंतरच सुरू होतो.

मिसूरी पेटवे यांची १९४२ मधील गोधडी पाहावी. पती निवर्तल्यावर त्यांच्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून, आठवण राहावी आणि तीच पांघरताही यावी, अशा दुहेरी हेतूने त्यांनी ती मुलीला हाताशी घेऊन शिवली. तिच्यातील विटका निळा-करडा रंग कोणी योजिलेला नाही. तो वापराने आला आहे. विजारीचा पाय जेवढा लांब, तेवढीच सलग पट्टी मिळणार. तथापि कोणता तुकडा कोठे बसवावा, हा निर्णय शिवणारीचाच होता. अमूर्त चित्रकाराने बाजूस सारलेला ‘विषय’ येथे प्रत्यक्ष कापड होऊन बसला आहे. मग साम्य ते कसले?

पुढे काळ पालटला. मतनोंदणीसाठी कृष्णवर्णीय नदीपार जाऊ लागले, तशी १९६२ मध्ये नावेची सेवा बंद पाडण्यात आली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली आणि १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवले जाऊ लागले. उरलेले कॉर्डरॉय घरोघरी गेले, आणि त्या कोऱ्या, भडक कापडातून निराळ्याच गोधड्या झाल्या. त्यांत मृताचे वस्त्र नाही, मजुरीची चिंधी आहे.