आईचा मेंदू आणि ड्युनेडिनचे ३०७ पुरुष

आई सहा महिन्यांसाठी रिकार्टनला आली की आमचा पहिला वाद चालण्यावरून होतो. पुण्यात ती रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते. इथे सगळं सपाट. डीन्स अ‍ॅव्हेन्यू ओलांडून हॅगली पार्कात जायचं, ओकच्या झाडांखालून एक फेरी मारायची, पूर्वेचा गार वारा सुटला की परत. "हे काय चालणं झालं?" असं तिचं म्हणणं. मागच्या खेपेला तिला गप्प करायला मी एक आकडा फेकला: "अगं, व्यायाम करणाऱ्यांचा मेंदू दहा वर्षांनी तरुण असतो!" आकडा मी बनवलेला नव्हता. पण तो तिच्यासाठी नव्हताच. आपण बरेच जण फोनवरून घरी असेच आकडे फेकतो, म्हणून हे लिहितेय.

मूळ निबंध आमच्याच बेटावरचा. फिलिप एन्सली तेव्हा ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त १८ ते ७९ वयाच्या ३०७ निरोगी माणसांची मोजमापं छापली. एक गट धावणं-सायकलिंगसारखा दमसासाचा व्यायाम नेमाने करणारा, दुसरा बैठा. मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग वयाच्या प्रत्येक वर्षामागे सेकंदाला पाऊण सेंटिमीटरने कमी दिसला, आणि व्यायामी गटाचा वेग साधारण १७ टक्क्यांनी जास्त. 'दहा वर्षं' आली ती इथून. निरोगी माणसंच घेतल्यामुळे आजारांचा गोंधळ बराच टळला, वयाचा पल्लाही मोठा. काम चांगलंच आहे.

पण ३०७ च्या ३०७ पुरुष. आई यात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. कानशिलावर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून हाडातून आत ऐकतात. त्यात कळतो तो रक्ताचा वेग. किती रक्त गेलं ते नाही. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, बादली काही लवकर भरत नाही. धमनीची रुंदी दोन्ही गटांत सारखीच आहे असं धरलं, तरच वेगावरून प्रवाहाबद्दल बोलता येतं. शिवाय काहींच्या कानशिलाच्या हाडातून हा आवाज नीट पोचतच नाही, आणि हे वयस्कर बायकांत जास्त आढळतं. म्हणजे आईला अभ्यासात घेतलं असतं तरी यंत्राने तिला बाहेर काढायची शक्यता होतीच.

आणि हा एका वेळचा फोटो आहे. सत्तरीत धावणाऱ्याच्या धमन्या धावण्यामुळे चांगल्या राहिल्या, की चांगल्या होत्या म्हणून तो सत्तरीपर्यंत धावू शकला? फोटोवरून सांगता येत नाही.

त्यासाठी बैठ्या माणसांना व्यायामाला लावून आधी-नंतर मोजावं लागतं. कॅलगरीच्या गटाने ते केलं. २०२० साली 'न्यूरॉलॉजी'त छापून आलेल्या या अभ्यासात २०६ जण होते, सरासरी वय ६६, बायकाही होत्या. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर वेग सेकंदाला ५१.३ वरून ५२.७ सेंटिमीटरवर गेला. २.८ टक्के. नियोजन, लक्ष बदलणं अशा कामांच्या चाचण्यांत ५.७ टक्के सुधारणा. व्यायाम न करणारा वेगळा गट मात्र ठेवला नव्हता. सुरुवातीआधीच्या सहा महिन्यांत दोनदा मोजून त्यांनी ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केलाय, पण ती पुरती भरत नाही.

१७ कुठे आणि २.८ कुठे! पहिला आकडा वर्षानुवर्षांच्या सवयीचा, आणि कदाचित नशिबाचाही. दुसरा सहा महिन्यांच्या घामाचा. मी आईला सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून पहिला आकडा देऊ करत होते. २.८ वाईट नाही. साठीनंतर जे दरवर्षी घटायचं ते थोडं का होईना वाढलं, ही मला तरी मोठी गोष्ट वाटते. पण हे सांगून कोणाला गप्प करता येत नाही, आणि बातमीचा मथळाही होत नाही.

हे सगळं तिला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "त्या लोकांना धाप लागेपर्यंत चालवलं का?" हो, कॅलगरीत हृदयाचे ठोके वाढवणारा व्यायाम होता, आणि जोर हळूहळू वाढवत नेला होता. "मग तुझी बाग कशाला?"

आता रविवारी आम्ही पोर्ट हिल्सवर रापाकीच्या वाटेने चढतो. ती मध्येच थांबून माझी वाट बघते.