व्यवस्थापन परिषदेतील अतिथी वक्ता : मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्याख्यानांची चिकित्सा

प्रास्ताविक

व्यवस्थापनशास्त्राच्या परिषदांमध्ये अतिथी वक्त्याला विशेष स्थान असते. शोधनिबंधवाचनाच्या सत्रांना तुरळक उपस्थिती असली तरी अतिथी वक्त्याच्या भाषणाला सभागृह भरते. उद्योगपती, सनदी अधिकारी व बँकर या नेहमीच्या वक्त्यांच्या पंक्तीत मुंबईचा डबेवालाही येऊन बसला, ही घटना मराठी समाजाला सुखावणारी आहे. रघुनाथ मेदगे व गंगाराम तळेकर यांनी संघटनेच्या वतीने अनेक व्यवस्थापन संस्थांमध्ये व्याख्याने दिली. या व्याख्यानांचा उल्लेख अभिमानाने होतो. चिकित्सा मात्र क्वचितच होते. ती करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आकड्याचा प्रवास

महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या सेवेची कीर्ती व्यवस्थापनाच्या वर्गात पोहोचली ती मुख्यतः ‘फोर्ब्स’ नियतकालिकातील १९९८ च्या लेखामुळे. त्यानंतर ‘सिक्स सिग्मा’ हे बिरुद डबेवाल्यांना कायमचे चिकटले. वस्तुतः ‘फोर्ब्स’ने असे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नव्हते, हे त्या लेखाच्या पत्रकारानेच पुढे स्पष्ट केले आहे. तरीही परिषदांमध्ये वक्त्याची ओळख करून देताना या प्रमाणपत्राचा उल्लेख होतच राहिला.

चुकीचे प्रमाणही एकसारखे सांगितले जात नाही. कधी साठ लाखांत एक, कधी ऐंशी लाखांत एक, तर कधी एक कोटी साठ लाखांत एक अशी विधाने आढळतात. यांपैकी शेवटचे विधान तपासून पाहता येईल. दररोज सुमारे दोन लाख डबे पोहोचवून परत आणले जात, असे धरल्यास दिवसाला चार लाख फेऱ्या होतात. म्हणजे एक कोटी साठ लाख फेऱ्यांना चाळीस दिवस लागतात. एवढ्या काळात संपूर्ण मुंबईत एकच डबा चुकला, असा या विधानाचा अर्थ होतो. सिक्स सिग्माच्या प्रचलित व्याख्येनुसार दहा लाख संधींमागे ३.४ चुका ग्राह्य असतात. त्या हिशेबाने याच काळात सुमारे चोपन्न चुका चालल्या असत्या. तात्पर्य, बिरुद आणि दावा या दोहोंचा परस्परांशी मेळ बसत नाही. हा हिशेब संख्याशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. जेथे हा विषय शिकविला जातो त्याच सभागृहात तो केला जाऊ नये, ही खरी चिंतेची बाब होय.

येथे दोष वक्त्यांचा नाही. आपल्या श्रमाचा गौरव होत असताना तो नाकारावा, अशी अपेक्षा कोणत्याही कष्टकऱ्याकडून करणे अन्यायाचे ठरेल. पडताळणीची जबाबदारी यजमान विद्यापीठाची असते. रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटाचे कथानक चुकीच्या पत्त्यावर जाणाऱ्या डब्यावर आधारलेले आहे. त्यातील डबेवाला हार्वर्डचा दाखला देऊन चूक नाकारतो. प्रतिष्ठेचा दाखला पुढे आला की प्रश्न संपतो, हे व्यवस्थापन परिषदांमधील वास्तव या छोट्या प्रसंगातून नेमके व्यक्त झाले आहे.

अभ्यास आणि कौतुक

याच विषयाचा गंभीर अभ्यासही झाला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन टॉम्के यांनी २०१० मधील प्रकरण-अभ्यासात व २०१२ मधील लेखात संघटन, व्यवस्थापन, प्रक्रिया व संस्कृती या चार अंगांची सांगड उलगडून दाखविली. डब्यावरील खुणा, लोकलच्या वेळापत्रकाने लादलेली शिस्त, स्वायत्त गट, अडचणीच्या वेळी मदतीला येणारे जादा गडी आणि मावळ, खेड, जुन्नर परिसरातील समान सामाजिक पार्श्वभूमी या घटकांमुळे ही व्यवस्था चालते. ही मांडणी आकड्याच्या चमत्कारापेक्षा अधिक उद्बोधक आहे. कारण तिच्यातून कारणमीमांसा हाती येते.

परंतु या कारणमीमांसेचीही दुसरी बाजू आहे. एकाच परिसरातील व नात्यागोत्यातील माणसांमुळे विश्वास निर्माण होतो, त्याचप्रमाणे बाहेरच्यांना प्रवेश दुर्मीळ होतो. कमी खर्चाची सेवा म्हणजे कोणाची तरी मर्यादित मिळकत असते. लोकलवरील अवलंबन हे जसे बलस्थान आहे तसेच मर्मस्थानही. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये व लोकल बंद झाल्या, तेव्हा ही सेवा ठप्प झाली. अनेकांना गावी परतावे लागले आणि पुढेही व्यवसाय पूर्ववत झाला नाही. ज्यांना आदर्श म्हणून व्यासपीठावर बसविले, त्यांच्या भविष्यनिर्वाहाची, आजारपणाची व पर्यायी रोजगाराची चर्चा त्या व्यासपीठांवर अभावानेच झाली होती. प्रेरणेच्या साच्यात अशा प्रश्नांना जागा नसते.

समारोप

मूल्यांकनाच्या अहवालात परिषदेची नोंद व्हावी म्हणून नामवंत अतिथी शोधण्याची प्रवृत्ती महाविद्यालयांतही रुजली आहे. त्यामुळे हा प्रश्न मुंबईपुरता किंवा डबेवाल्यांपुरता मर्यादित राहत नाही. अतिथीच्या व्याख्यानापूर्वी विद्यार्थ्यांनी त्या विषयाचे वाचन करावे, भाषणाइतकाच वेळ प्रश्नोत्तरांना द्यावा, सांगितलेल्या आकड्यांची नंतर वर्गात छाननी व्हावी, एवढ्या साध्या उपायांनी बरेच साधेल. डबेवाल्याला सिक्स सिग्माची पदवी बहाल करण्यापेक्षा त्याच्या कामाबद्दल, मिळकतीबद्दल आणि अडचणींबद्दल त्याला नेमके प्रश्न विचारणे हा त्याचा अधिक मोठा सन्मान होय. विद्यापीठाने अतिथीला शाल व श्रीफळ द्यावेच. परंतु त्याचे म्हणणे तपासून घेण्याइतके गांभीर्यही त्याला द्यावे.