सालाच्या रकान्यामागचा पुरावा

जुन्या लॅप स्टील गिटारींच्या सूच्या चाळताना एक उणीव मला सतत जाणवते. निर्मितीचे साल नेमके दिलेले असते. ते कशावरून ठरवले, याला मात्र रकानाच नसतो.

मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवायचे हे वाद्य आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून परिचित आहे. जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि १९३२ पासून विक्रीस आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही तिच्या विद्युत रूपातील आद्य गिटार. तारांना कवेत घेणारी तिची नालाकृती चुंबके दुसऱ्या महायुद्धापूर्वी दीड इंच रुंद होती, नंतर सव्वा इंच झाली. हा पुरावा कालखंड सांगतो, साल नव्हे.

इतर गिटारींत आवाजाच्या बटणाखालचा सांकेतिक आकडा उपयोगी पडतो. पन्नाशीच्या दशकातील ३०४२३४ हा आकडा घ्या: ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, २ म्हणजे १९५२ आणि ३४ हा आठवडा. यावरून सुटा भाग कधीचा ते कळते. गिटार त्याआधी जुळवलेली नसावी, एवढेच त्यातून निघते; आणि दुरुस्तीत तो भाग बदललेला असेल, तर तेवढेही नाही.

म्हणून सूचीत सालाशेजारी पुरावा आणि नंतरचे फेरबदल यांचे रकाने हवेत. निराधार साल एकदा छापले गेले की पुढचा सूचिकार त्यालाच आधार मानतो.