समुपदेशकांचे दूरस्थ प्रशिक्षण

पाळकीय समुपदेशनाचे शिक्षण पत्राद्वारे, आणि आता संगणकाच्या पडद्यावरून, देण्याचा प्रघात वाढत आहे. गाव व उपजीविका सोडून वर्षभर वसतिगृहात राहणे ज्या धर्मशिक्षकांस शक्य नाही, त्यांना ही सोय मोलाची आहे. १९६३ साली ग्वातेमालातील प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने विस्तार-शिक्षण आरंभिले ते अशांसाठीच. टेड वॉर्ड यांनी त्या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली होती : एक आडवी दांडी स्वाध्यायाची, दुसरी प्रत्यक्ष सेवेची, आणि दोहोंना धरून ठेवणारे खांब म्हणजे नियमित बैठका. दूरस्थ अभ्यासक्रमांत स्वाध्यायाची दांडी लांबवणे सोपे, खांब रोवणे खर्चाचे. ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकून कार्ल रॉजर्स यांची मते सांगता येतील. रडणाऱ्या माणसापाशी गप्प बसणे त्यातून येत नाही.

अँटन बॉयझन यांनी १९२५ साली धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वूस्टरच्या मनोरुग्णालयात नेले, ते ग्रंथांप्रमाणे माणसेही वाचता यावीत म्हणून. त्याच परंपरेत संभाषणाचे शब्दशः टिपण मार्गदर्शकापुढे ठेवण्याची रीत रूढ झाली. हे टिपण दुरूनही तपासता येते. तोंडी चर्चेपेक्षा कदाचित अधिक बारकाईने. येथे दूरस्थ पद्धतीची बाजू बळकट आहे, हे आम्ही मान्य करतो.

पण लहान धर्मग्रामात नाव बदलल्याने माणूस लपत नाही, आणि पडद्यापलीकडे खोलीत आणखी कोण बसले आहे हे दिसत नाही. पापनिवेदनात कानी आलेले तर कोणत्याही वेषांतराने टिपणात येता कामा नये. १९८३च्या कॅनन कायदासंहितेतील ९८३ व ९८४ ही कलमे याविषयी निःसंदिग्ध आहेत. हा इशारा पहिल्याच पाठात हवा; शेवटच्या परिशिष्टात नव्हे.

भाषेचा प्रश्नही गौण नाही. बेळगावचा धर्मशिक्षक इंग्रजी पाठ वाचून उत्तीर्ण होईल. समोरची बाई मात्र म्हणते, "कशात जीव रमत नाही, आतून कालवाकालव होते." हा शोक, की भय, की दवाखान्यात न्यावे असे दुखणे?

२०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. आपली प्रमाणपत्रे त्या कक्षेत येत नसतीलही. तरी वाचन घरी आणि सराव मार्गदर्शकाच्या नजरेखाली, एवढी विभागणी तरी आपल्या अभ्यासक्रमांनी आधी करावी, आणि तसा मार्गदर्शक धर्मप्रांतात नसेल तर प्रवेश देऊ नयेत.