अपांक्तेय रस : धारप, नारळीकर आणि जी. ए. यांचे पुनर्वाचन

२०२५ या वर्षाने मराठी वाचकाला दोन भिन्न प्रकृतीच्या लेखकांकडे पुन्हा वळावयास लावले. २० मे रोजी जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले आणि २७ ऑगस्ट रोजी नारायण धारप यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. पहिल्या घटनेची दखल देशाने घेतली, कारण गेलेला माणूस जागतिक कीर्तीचा खगोलशास्त्रज्ञ होता. दुसऱ्या प्रसंगाला तसे भाग्य लाभणे शक्यच नव्हते. धारपांचे वाचक असंख्य, पण ते वाङ्मयेतिहास लिहिणारे नव्हेत. या दोघांच्या कथा ओळीने वाचताना शेजारी जी. ए. कुलकर्णी यांचा ‘पिंगळावेळ’ (१९७७) उघडून ठेवला, तर मात्र एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. एकाला समीक्षेने टाळले, दुसऱ्याचे कौतुक केले, तिसऱ्याला शिखरावर बसविले. आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट वाचावयाची राहिली. ती म्हणजे भय.

हे ज्या परंपरेत घडले, तिने भयानक आणि अद्भुत यांना भरताच्या काळापासून आठ रसांत मानाचे पान दिलेले आहे. भय आणि विस्मय हे त्यांचे स्थायिभाव प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात. परीक्षेत ते लिहिले जातात आणि आधुनिक कथेपाशी आल्यावर विसरले जातात. शृंगार आणि करुण यांना कादंबरीत प्रवेश मिळाला, हास्यालाही मिळाला. भयानकाला मात्र पंक्तीबाहेर पान वाढले गेले. बंगालीत असे झाले नाही. ‘क्षुधित पाषाण’ रवींद्रनाथांनी १८९५ मध्ये लिहिली आणि पुढे परशुराम व सत्यजित राय यांच्यासारख्यांनी भुताला घरचेच मानले. त्यामुळे तेथे भूतकथेची वकिली करण्याची पाळी समीक्षकावर फारशी आली नाही. मराठीत ती येते, आणि वकिली करू लागले की वाचन थांबते, हा त्यातला खरा तोटा.

धारपांपासून आरंभ करणे योग्य ठरेल. त्यांच्या भयकथेचे वेगळेपण समजण्यासाठी आधी मराठी लोकमानसातले भूत पाहिले पाहिजे. मुंजा, हडळ, समंध, वेताळ यांपैकी प्रत्येकाला पूर्वचरित्र आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. त्यांची काही मागणी असते आणि ती पुरविता येते. नारळ, कोंबडे, उतारा देऊन त्यांच्याशी व्यवहार होऊ शकतो. म्हणजे हे भूत गावगाड्याच्या बाहेर नाही. ते त्यातलेच एक रुसलेले बलुतेदार आहे. धारपांच्या उत्तम कथांतील अनिष्ट शक्ती असा व्यवहार करीत नाही. तिला बहुधा पूर्वचरित्र नसते, तिचे कोणी काही बिघडविलेले नसते. एखाद्या कुटुंबाने घर घेतले किंवा कोणाच्या वाट्याला वारशाने वाडा आला, एवढेच निमित्त तिला पुरते. पापाची शिक्षा म्हणून येणारे संकट पचविण्याची सवय असलेल्या वाचकाला हे निष्कारण संकट अधिक हादरविते. कर्मसिद्धान्ताच्या सावलीत वाढलेल्या समाजात कर्माशी नाते नसलेले अरिष्ट कल्पिणे ही लहान गोष्ट नव्हे.

ते ज्या भाषेत येते, तीही पाहण्याजोगी आहे. धारपांची भाषा नटत नाही. खोलीची मांडणी, जिन्याच्या पायऱ्या, नोकरदार माणसाची दिनचर्या हे सारे ते हिशेबनिसाच्या कोरडेपणाने नोंदवीत जातात. आणि या नोंदींपैकी एक नोंद चुकीची आहे हे वाचकाला पात्राच्या आधी कळते. ‘समर्थ’ या मांत्रिक त्रात्याच्या कथा लोकप्रिय झाल्या खऱ्या, पण त्या धारपांच्या सर्वोत्तम कथा नव्हेत. सोडविणारा दारात उभा आहे हे ठाऊक असले, की भय ओसरते आणि उरते ती केवळ उत्कंठा.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. ‘लुचाई’चे कथानक स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीशी, ‘शपथ’चे त्याच्याच ‘इट’ (१९८६) शी आणि ‘आजी’चे ‘ग्रॅमा’ या कथेशी जुळते, हे मराठी वाचकांत आता सर्वज्ञात आहे. धारपांचे चाहते हा विषय निघाला की अवघडतात आणि विरोधक तेवढ्यावरच निकाल देऊन मोकळे होतात. दोघेही घाई करतात. मराठीला रूपांतराचे वावडे कधीच नव्हते. ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ आणि ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ आले, त्यांना वाङ्मयेतिहासात जागा आहे. पण ती रूपांतर या नावाने आहे. परके कथानक घेतले तर तसे सांगणे हा लेखकाचा धर्म आहे आणि लोकप्रियता हे त्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही. तथापि हा हिशेब मांडण्याचे काम समीक्षेचे होते. तिने धारप वाचलेच नाहीत, म्हणून त्यांचे स्वतःचे काय आणि उसने काय हे ग्रंथवार पाहण्याची निकड तिला वाटली नाही. उपेक्षेने लेखकाचा मान जातो हे सर्वांना कळते. उपेक्षेने त्याचे ऋणही झाकले जाते, हे कोणी बोलत नाही.

असा हिशेब खरोखर मांडला तर हाती काय लागेल, याची कल्पना ‘आजी’वरून येते. किंगच्या कथेत एकाकी घरात एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत एकटा राहतो आणि तिला भितो. हीच परिस्थिती मराठी घरात आली, की तिचा अर्थ पालटतो. येथे आजी ही भुताची गोष्ट सांगणारी आणि ती ऐकून घाबरल्यावर जिच्या कुशीत शिरायचे ती व्यक्ती आहे. भयाचे निवारण जेथे व्हावयाचे तेथेच भय येऊन बसले, तर मुलाला जावयास जागा उरत नाही. कथानक उसने असूनही हा धक्का मराठी घरातला आहे. ‘लुचाई’च्या बाबतीतही विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारून पाहावा : पाश्चात्त्य पिशाच क्रूसाला भिते, जेथे क्रूस नाही तेथे त्याने कशाला भ्यावे? रूपांतरकाराचा कस त्या रिकाम्या जागी लागतो.

रत्नाकर मतकरी यांचा उल्लेख येथे थोडक्यात करावयास हवा. ‘खेकडा’ (१९७०) पासून त्यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ हे नाव चालविले, आणि ते सार्थ आहे. धारपांचे अरिष्ट बाहेरून घरात शिरते, मतकरींचे बहुधा घरातल्या माणसांच्या मनातच दबा धरून असते. नाटककाराचा कान लाभल्यामुळे त्यांच्या संवादांत दोन माणसांमधले वैर उच्चारण्याआधीच ऐकू येते. मात्र शेवटच्या परिच्छेदातील कलाटणीचा मोह त्यांना अनेकदा आवरला नाही.

नारळीकरांची गोष्ट उलटी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली. नावाच्या वजनाखेरीज कथा तोलली जावी, हा हेतू. आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. दुर्दैव असे की, त्यानंतर त्यांची कथा नावाच्या वजनाखेरीज क्वचितच तोलली गेली. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहाचे स्वागत झाले ते विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून. उपयुक्त म्हणून गौरविणे हाही न वाचण्याचा एक सभ्य प्रकार आहे. त्यांच्या कथांचे दोष उघड आहेत. पात्रे बारीक अंगकाठीची, आणि शेवटी एखादा जाणकार मित्र येऊन सिद्धान्त समजावून देतो, तेव्हा कथा वर्गात जाऊन बसते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये डावे-उजवे पालटण्याची कल्पना क्रिकेटपासून देव्हाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत किती सहज पसरते! तेथेही स्पष्टीकरणाची घाई नडतेच.

पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा भयकथा म्हणून वाचली, तर निराळीच दिसते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईत उतरतात ती मुंबई त्यांची नसते. १७६१ ची लढाई येथे मराठ्यांनी जिंकलेली आहे. या कथेची चर्चा बहुधा पुंजभौतिकीच्या किंवा मराठी अस्मितेच्या अंगाने होते. तिचा गाभा मात्र दोन लहान जागी आहे. आपल्या मुलाच्या कचेरीत जाऊन पंत त्याची चौकशी करतात, तर त्या नावाचा कोणी तेथे नाहीच. लेखक येथे क्षणभरही रेंगाळत नाही. पण ज्या जगात मराठे जिंकले त्या जगात आपला मुलगा असेलच असे नाही, हे पुरेसे होऊन जाते. दुसरी जागा टाउन हॉलमधील ग्रंथालयाची. पंत इतिहासाचे खंड क्रमाने काढून वाचत जातात, आणि ओळखीचा मजकूर एका ठिकाणी अनोळखी होतो. ज्याने जन्मभर ग्रंथ हेच प्रमाण मानले त्याच्यासाठी याहून मोठे भूत कोणते असणार? धारपांच्या नायकाला घर परके होते, नारळीकरांच्या नायकाला संदर्भग्रंथ. पुढे आझाद मैदानावरील सभेत ते रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात, तो भाग मराठी सभासंस्कृतीवरचा मार्मिक विनोद आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत, तेव्हा या रिकाम्या खुर्चीची आठवण अनेक वाचकांना झाली असेल.

जी. ए. यांच्याबाबत समीक्षेचा अपराध आदराचा आहे. ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ या कथेवर पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यात नियती, अस्तित्व, बंधन व मुक्ती हे शब्द वारंवार येतात. ते चूक नाहीत. ते फार लवकर येतात. एक वाटसरू रात्रीच्या वेळी अडकतो, एका मठात त्याचे आगतस्वागत होते आणि तो भूगर्भातील खोलीत कायमचा स्वामी म्हणून स्थापिला जातो. त्याला कोंडणारे लोक क्रूर नाहीत. ते विनम्र आहेत, त्याला काही कमी पडू देत नाहीत, त्याच्यापुढे हात जोडतात. मराठी कथेत पिशाचाविना इतके भय क्वचित निर्माण झाले असेल, आणि ते आदरातिथ्यातून निर्माण झाले आहे. दार बंद झाल्यावर वाचकाचा श्वास कोंडतो तो तत्त्वचिंतनाने नव्हे. हवेसाठी असलेल्या त्या अरुंद वाटेने एक वेल उजेडाकडे चढत जातो, तेव्हा त्याचे एकेक पान मोलाचे वाटते, कारण आधी तो श्वास कोंडलेला असतो. भय वगळून ‘स्वामी’ वाचणारा समीक्षक वेलाचे मोल कशाच्या आधारे ठरवितो, हे कळत नाही. हीच कथा धारपांच्या नावाने रहस्यमालेत छापली गेली असती, तर ती कोणी वाचली असती आणि कोणी वाचली नसती, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

या वर्गवारीची गंमत अलीकडे एका चित्रपटाने उघडी केली. २०१८ मधील ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने नाव घेतले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, कथा मात्र त्या कादंबरीची नाही. त्यातली साखळदंडाने जखडलेली म्हातारी धारपांच्या ‘आजी’वरून आली, आणि ती आजी अमेरिकेतल्या मेन प्रांतातून. हा चित्रपट पाहून मराठीकडे वळणारा एखादा हिंदी वा कन्नड विद्यार्थी ग्रंथालयात गेला, तर पेंडसे त्याला ‘कादंबरी’च्या कपाटात सापडतील. किंग इंग्रजी विभागात मिळेल. धारपांसाठी त्याला बहुधा जुन्या वाचनालयातल्या त्या फळीकडे जावे लागेल, जिच्यावरच्या पुस्तकांची मुखपृष्ठे हाताळून हाताळून कधीच गळून पडलेली असतात.