कायदा, न्याय आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

साहित्याच्या विद्यार्थ्याने ‘कायदा आणि न्याय’ हा दुसरा प्रमुख विषय घेतल्यास त्याच्या वाङ्मयदृष्टीत कोणती भर पडेल? १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक या प्रश्नाची कसोटी ठरते.

त्यातील अभिरूप न्यायालय लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते. शपथ, साक्षी, निवाडा हे सारे उपचार यथासांग पार पडतात. मात्र दोन्ही बाजूंचे वकील एकटे सुखात्मेच, न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष देतात आणि आरोपीस बचावासाठी मिळतात अवघे दहा सेकंद. शेवटी हेच न्यायालय गर्भ नष्ट करण्याचा आदेश देते!

केवळ साहित्याचा अभ्यासक बेणारेच्या स्वगतातील करुणेपाशी थांबेल. केवळ कायद्याचा अभ्यासक नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मोडली म्हणून खटला रद्दबातल ठरवून मोकळा होईल. ते स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते, न्यायालयाला नाही, ह्याचा अर्थ दोन्ही दृष्टी एकत्र आल्याखेरीज उलगडत नाही. कायद्याची भाषा शाबूत राहूनही न्याय लोपतो, तो असा.

म्हणून दोन अभ्यासक्रम नुसते शेजारी मांडून भागणार नाही. एकच संहिता दोन्ही वर्गांत वाचली गेली पाहिजे.